चिठ्ठी जागेवर आहे

मिरजेच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळी नऊला ज्या गप्पा रंगत, त्या ऐकून नवख्या माणसाला काहीच वेगळं वाटलं नसतं. एसटी उशिरा आली, चहा पाणचट आहे, जावयाचं अजून नोकरीचं जमत नाही. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही गळ्यात स्वरयंत्र उरलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. ते तंबाखूनं कधीच खाल्लं होतं. त्याच्या जागी प्रत्येकाच्या मानेवर काडेपेटीएवढं कंठयंत्र चिकटवलेलं होतं. मानेचे स्नायू हलले की काय बोलायचं आहे ते यंत्राला कळे, आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोले. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाला चाळीस तास बोलतं ठेवून तो आवाज ध्वनिमुद्रित केलेला असे.

आण्णासो मगदूम तेवढे गप्प बसले होते. तीस वर्षं कुस्तीच्या मैदानांचं निवेदन केलेला हा माणूस. त्यांचं सहा वर्षांचं जुनं यंत्र चार दिवसांपूर्वी जळालं होतं आणि त्यातून काही म्हणजे काही वाचलं नव्हतं. नव्या बनावटीच्या यंत्रासाठी त्यांचा आवाज मूळ मुद्रणांवरून पुन्हा घडवावा लागणार होता.

"बाई, घरात नुसत्या खुणा चालल्यात," त्यांची बायको कलावती म्हणाली. "मला त्यांच्या खुणा कळत न्हाईत आणि ते चिडत्यात. लौकर करा तेवढं."

"आजच करायला घेते, काकू," हेमांगी तारळेकर म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या आवाज-प्रयोगशाळेचं सगळं सॉफ्टवेअर तिच्या हाताखाली होतं, आणि तिला कसलीच शंका नव्हती.

वर जाऊन तिनं आण्णासोंची मुद्रणं मागवली. पडद्यावर उत्तर आलं : चिठ्ठी जागेवर आहे. फाइल सापडत नाही.

ही चिठ्ठी हेमांगीचीच कल्पना. प्रकल्पाच्या सामायिक भांडारात सुरुवातीला सगळं एकत्र असे, सॉफ्टवेअरच्या ओळीही आणि पेशंटांची अगडबंब मुद्रणंही. भांडाराचा नेम असा की जुनं काही टाकायचं नाही, प्रत्येक बदलाची आवृत्ती राखायची. ओळींच्या बाबतीत हे स्वस्तात जमे. मुद्रणातला एक खोकला कापला तरी अख्खं मुद्रण नव्यानं साठे. भांडार फुगत गेलं. नव्या माणसाला त्याची प्रत उतरवून घ्यायला दोन दिवस लागू लागले. मग हेमांगीनं मुद्रणं बाहेर काढून वेगळ्या कोठारात हलवली आणि भांडारात त्यांच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी ठेवली : फाइल कुठे आहे, केवढी आहे, आणि तिचा ठसा. ठसा म्हणजे त्या फाइलीवरून काढलेला एक लांबलचक आकडा, जो दुसऱ्या कुठल्याच फाइलीशी जुळत नाही. प्रत उतरायला चार मिनिटं लागली, त्या दिवशी सगळ्यांनी जयसिंगपूरचा भडंग खाल्ला होता.

कोठारही पुढे भरत आलं. तेव्हा, म्हणजे वर्षापूर्वी, हेमांगीनंच साफसफाईचा हुकूम लिहिला : मुख्य शाखेतली, म्हणजे भांडाराच्या रोजच्या वापरातल्या भागातली, कुठलीच चिठ्ठी जी फाइल मागत नाही, ती नव्वद दिवसांनी पुसावी.

आण्णासो मुख्य शाखेत नव्हते. त्यांना दोन आवाज होते. मैदानातला आवाज वेशीपर्यंत जाई, आणि घरात ते इतकं हळू, शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळत बोलत की मुद्रण करणाऱ्या माणसानं दोनदा माइक तपासला होता. हे दोन आवाज एका यंत्रात बसवायचा प्रयोग वेगळ्या शाखेत, भांडाराचा एक फाटा बाजूला काढून, झाला. प्रयोग साधला, यंत्र मानेवर चढलं, सगळे खूश होऊन घरी गेले, आणि ती शाखा मुख्य शाखेत मिसळायची राहूनच गेली. साफसफाईत त्यांची मुद्रणं पुसली गेली होती.

तिनं सहकाऱ्यांच्या संगणकांवरच्या प्रती धुंडाळल्या. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत आहे, मग वेगळी राखीव प्रत कशाला, असं सगळेच म्हणत आले होते. प्रत्येकाकडे नुसती चिठ्ठीच होती. दर शुक्रवारी तपासणी होई, तिच्यातही चिठ्ठ्याच मोजल्या जात. बावन्न शुक्रवार हिरवी खूण आली होती आणि ती पाहून हेमांगी निर्धास्त चहाला गेली होती. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"मैदानातल्या चित्रफिती आहेत ना ढिगानं?" प्रमुख निनाद खाडिलकर म्हणाले. "त्यावरून घडव आवाज."

"त्यात घरातला आवाज नाहीये, सर. तो फक्त आपल्याकडे होता."

"माणूस तोच आहे ना? गळा तोच आहे. कुणाला कळणार आहे?"

"ठसा जुळणार नाही."

"मग चिठ्ठी बदल," खाडिलकर शांतपणे म्हणाले. "नव्या फाइलीचा ठसा घाल. पुढच्या महिन्यात तपासनीस येतायत, आणि अजून दोनशे जणांचे आवाज या प्रयोगशाळेवर अवलंबून आहेत. एका माणसापायी ती बंद पाडायचीय का तुला?"

हेमांगीनं चित्रफितींतली हलगी आणि गर्दीचा कल्ला गाळून आवाज घडवला, आणि चिठ्ठीतल्या तिन्ही ओळी बदलल्या. बदलाची नोंद करताना कारण लिहावं लागतं. तिनं लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती."

आठवड्यानं आण्णासोंच्या मानेवर नवं यंत्र बसलं. व्हरांड्यातली माणसं कौतुकानं गोळा झाली. आण्णासोंनी मान ताठ केली.

"कलावती, पाणी दे," ते म्हणाले, आणि खिडकीच्या काचा हादरल्या. शेवटच्या जोडीची सलामी झडावी तसे शब्द घुमले. लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. कलावती हसली नाही. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, ती हात लांब करून.

हेमांगीनं घाईघाईनं आवाजाची पातळी खाली आणली. आण्णासो पुन्हा बोलले. आवाज बारीक झाला खरा, पण लांबच्या कर्ण्यातून यावा तसा. त्यात मैदानच होतं.

आण्णासोंना कळलं. आपला आवाज आपल्याला कळणार नाही तर कुणाला? ते क्षणभर हेमांगीकडे पाहत राहिले. मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिची समजूत घातली. "चालतंय गं. न बोलण्यापरास बरं." समजुतीचे ते शब्दही ललकारीसारखे निघाले, आणि कलावती दचकून मागे सरली.

"बाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, एखादी वस्तू चुकून बदलून आली असावी अशी नुसती चौकशी होती. "हे भायेरचं झालं. मैदानातलं. ह्यांचा ह्यो आवाज मी लग्नापासनं लांबनंच ऐकत आले. घरात बोलायचे ते येगळे हुते. ते तुमच्याकडंच दिले हुते आम्ही, सहा वर्सांमागं."

हेमांगीनं आवाजाची पातळी आणखी खाली आणली.

"ते कुठं ठेवलेत तुम्ही?"