आराबाचा डावा हात

माउस नेमका त्याच दुपारी मेला. आराबाने तो आपटून पाहिला, वायर हलवली... पडद्यावरचा बाण ढिम्म. ती तशीच उठली आणि शेजारच्या गाळ्यात शिरली. ताकोराडी शहराच्या बाजारात तिथे नवा संगणक दुरुस्त करणारा आलाय, एवढंच तिच्या कानावर होतं.

तो मांडी घालून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेली मासळी खात होता.

"माउस? नाही हो, सिस्टर. मी वापरतच नाही."

"मग काय, मंत्र म्हणता?"

तो हसला. "हात धुऊन येतो. बघा तरी."

त्याचं नाव एको. आराबाच्या पडद्यावर लाल-काळ्या चौकटीत एक गृहस्थ खळखळून हसत होते.

"कुणाचं पोस्टर?"

"माझ्या बाबांचं. दुकानही त्यांचंच." ती फोटोकडे न बघता बोलत होती. "शनिवारी अंत्यविधी. कोबिना काका संध्याकाळी येतील. तोवर झालं नाही, तर दुसऱ्या छापखान्यात देणार. म्हणाले, तुझ्या वेगाने पोस्टर होईतो भाऊ स्वर्गातून परत येईल."

"आणि तुम्हाला स्वतःच करायचंय."

"मीच करणार."

एकोने स्टूल ओढलं. "मग डावा हात इथे ठेवा."

"डावा?" ती चमकली. "बाबांनी त्याला कधी कामच दिलं नाही. त्याने कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडे बोट करायचं नाही... चापट बसायची."

"मशीन रागावत नाही. करंगळी कंट्रोलवर. सी दाबलं, की नक्कल झाली. व्ही, की दुसरीकडे ठेवली. फोटो बाणांच्या बटणांनी सरकवा. आणि एस मधूनमधून, जपून ठेवायला."

बोटं अडखळत होती.

"करंगळी लाजतेय तुमची."

"माझ्यावर गेलीये," आराबा म्हणाली आणि स्वतःच गोंधळली.

हळूहळू हात सैल झाला. नातवंडांची नावं रांगेत बसली, चौकट सरळ झाली. मग एक ओळ पुसायची म्हणून तिने कंट्रोल आणि ए दाबलं, सगळंच निवडलं गेलं, लगेच डिलीट—

पडदा पांढराफटक. नावं गेली, चौकट गेली, बाबा गेले.

चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला.

"आराबा," एको हळू म्हणाला. 'सिस्टर' म्हणणं कुठल्या कुठे गेलं होतं. "कंट्रोल धर. मग झेड."

"तू दाब ना..."

"नाही. तूच."

तिने दाबलं. बाबा परत आले. तसेच, हसत.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आराबा रडली. एकोने पंख्याचं तोंड तेवढं तिच्याकडे वळवलं आणि तो दाराबाहेर बघत बसला, जणू समोरच्या टोमॅटोवालीशी त्याचं मोठं काम होतं.

कोबिना काका आले तेव्हा पोस्टर तयार होतं. चष्मा पुसून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"दात जरा जास्तच दिसतायत."

"तसेच दिसायचे, काका."

"हो... दिसायचे खरे." त्यांनी नाक शिंकरलं. "छाप."

ते गेल्यावर यंत्र घरघरू लागलं. पहिला ओला कागद दोघांनी दोन टोकांना धरून वाळत घातला. एको मात्र तिथेच घुटमळत राहिला.

"शनिवारी... मी यायचं ना?"

"अख्खा बाजार येणार आहे."

"तसं नाही. म्हणजे, बसू कुठे? पाहुण्यांच्या मांडवात?"

आराबाने कागदाचं टोक उगाचच सरळ केलं. पाहुण्यांचा मांडव रस्त्याच्या पलीकडे असतो. तिथून माणसं ओळखू येत नाहीत.

"नको. माझ्या मागच्या रांगेत बस. मी वळून बघितलं, की दिसशील असा."

"ती तर घरच्यांची रांग. घरच्यांच्या मनगटावर लाल पट्टी असते. काका विचारतील, हा कोण."

"विचारतीलच."

"मग?"

तिने घरच्यांसाठी आणलेल्या लाल कापडाच्या ताग्यातून एक लांब पट्टी टर्रकन फाडली.

"मनगट इकडे कर," ती म्हणाली. "माप घेते."