गेरदानच्या पलीकडचं दार

गेरदानची खिंड बर्फाने बंद होण्याआधी ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यातलं हाजी मीरोचं दार गाठायचं, एवढाच बेत होता. कुर्दांच्या हक्कारी डोंगरांत पळून आलेल्या जोडप्याला अशा एखाद्या मोठ्या घराने आसरा दिला, की पाठलाग करणाऱ्यांना बंदुका बाजूला ठेवून चहा प्यावा लागतो. पुढचं मग वडीलधारे बघतात. पण ते दार गाठण्याआधी मुलीच्या माणसांनी मुलाला गोळी घातली, तर कोणी जाब विचारत नाही.

खेजालला हे सगळं ठाऊक होतं. तिचं लग्न चुलतभाऊ कासिमशी ठरलं होतं. चुलतभावाचा हक्क पहिला, त्यामुळे तिला कोणी विचारलंच नव्हतं. कासिम विधुर, मुलींचा बाप, वयाने पुष्कळ मोठा, आणि बोलायचा इतकं कमी, की तो तंबूत येऊन गेला हे त्याच्या बुटांच्या चिखलावरून कळायचं. आणि बेहराम! तो शेजारच्या तंबूंचा मेंढपाळ. गायचा बेसूर, पण गायचा सारखाच. ती धार काढायला बसली की नेमक्या त्याच्याच मेंढ्या तिच्या वाट्याला कशा येतात, यावरून मैत्रिणी तिला उन्हाळाभर चिडवत होत्या.

बेत शिजला तोही धारेच्या जागीच. निरोपांची ने-आण बेहरामच्या आत्याने केली. झरीफे आत्या तरुणपणी स्वतः याच खिंडीतून पळाली होती. तिने एकच अट घातली.

"मीही येणार. पोरीला एकटीला घेऊन गेलास, तर लोक तिला जन्मभर मान वर करू देणार नाहीत. म्हातारी बरोबर असली, की निदान इज्जतीने पळाली म्हणतील."

"आत्या, तुझे गुडघे?" बेहराम म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. तू तुझं खेचर सांभाळ."

उन्हाळी कुरणावरचे तंबू खाली न्यायच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी कळप वेगळे करण्यात गुंतलेली असतात. तोच दिवस त्यांनी धरला. दुपारच्या धारेला खेजाल बायकांबरोबर निघाली, भांडं एका खडकाआड ठेवलं आणि ओढ्याच्या कडेने वर चढू लागली. मागे वळून पाहिलं असतं तर आईचा तंबू दिसला असता. तिने पाहिलं नाही. वर बेहराम आणि झरीफे खेचर घेऊन वाट पाहत होते.

शिखरांवर सकाळपासून ढग साचले होते. बेहरामला एक दिवस थांबावंसं वाटत होतं. पण उद्या सगळे खाली गावात उतरणार आणि उतरल्याबरोबर लग्न लागणार, हे झरीफेने त्याला सांगितलं, तेव्हा तो खेचराचा पट्टा आवळू लागला.

पहिला घाव संध्याकाळच्या आत बसला. सुट्या दगडांच्या उतारावरून जाताना खेचराचा मागचा पाय घसरला. बेहरामने दोर धरला. दगड सुटले! खेचर एकदा ओरडलं, आडवं झालं आणि दगडांच्या लोंढ्याबरोबर दरीत गेलं. दोर वेळेवर सोडला म्हणून बेहराम वाचला. घोंगड्या गेल्या, भाकऱ्या गेल्या, सुकं चीजही गेलं. राहिला तो बेहरामच्या खांद्यावरचा दुसरा दोर आणि झरीफेच्या ओटीतले मूठभर अक्रोड. थोड्याच वेळात बर्फ पडू लागला.

एका कपारीत तिघं एकमेकांना बिलगून बसली. झरीफे आपल्या पळून जाण्याच्या गोष्टी सांगत राहिली. तिचा नवरा वाटेत इतका घाबरला होता, म्हणे, की शेवटी तिनेच त्याला ओढून पलीकडे नेलं. बेहराम हसला. खेजालला हसू आलं नाही. तिच्या पायांची बोटं आहेत की नाहीत हेच तिला कळत नव्हतं.

उजाडलं तेव्हा आभाळ निवळलं होतं, आणि तेच वाईट ठरलं. खालच्या पांढऱ्या उतारावर दोन काळे ठिपके वर सरकत होते. एक उंच, एक रुंद. उंच तो तिचा भाऊ ताहिर, हे तिने चालीवरूनच ओळखलं. रुंद कोण, हे सांगायची गरज नव्हती.

खिंड समोर दिसत होती. मध्ये एकच घळ, तिच्यावर बर्फाचा पूल, आणि त्यापलीकडे शेवटचा चढ. बेहरामचा दोर खांद्यावर घेऊन खेजाल पुढे गेली. झरीफे रांगत गेली. बेहराम निघाला आणि पूल खचला! कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि जिथे तो उभा होता तिथे भोक राहिलं. खालून पाण्याचा आवाज येत होता. मग त्याची किंकाळी आली.

दोर खाली सोडला. खडकाला गुंडाळला. दोघींनी ओढला. हात सोलले, पुन्हा ओढला! तो वर आला, पण उजव्या पायाचं हाड नडगीतून बाहेर आलं होतं आणि कमरेपर्यंतचे कपडे बर्फाच्या पाण्याने भिजलेले होते. झरीफेने आपला कमरपट्टा सोडून पाय बांधला. दोघींनी त्याला उचलून पाहिलं. थोडं अंतर गेल्या आणि तिघंही पडली.

खेजाल एकटीच खिंडीच्या माथ्यावर चढली. पलीकडचं खोरं उन्हात होतं. पिवळे पॉपलर, सपाट छपरं, सगळ्यांत मोठ्या घरातून निघणारा धूर. दुपारपर्यंत ती तिथे पोचली असती. हाजी मीरोने माणसंही दिली असती. पण ती माणसं इथवर चढेपर्यंत रात्र झाली असती, आणि ओल्या कपड्यांतला माणूस गेरदानवर रात्र काढत नाही. तिने धुराकडे शेवटचं पाहिलं आणि खाली उतरली.

बेहरामचे ओठ निळे पडले होते. "जा," तो म्हणाला. "एक जण तरी पोचू दे."

"जा पोरी," झरीफेही म्हणाली. "मी आहे त्याच्याजवळ."

"तू आहेस म्हणून तो गरम होणार आहे का, आत्या?"

फुटलेल्या पुलाला लांबून वळसा घालून ती उतरत निघाली, त्या दोन ठिपक्यांच्या दिशेने. जवळ येताच ताहिरने बंदूक खांद्याला लावली. नेम तिच्यावर नव्हता. तिच्या मागे, वर, बर्फात पडलेल्या माणसावर होता. खेजालने डोक्यावरचा पांढरा रुमाल काढला आणि भावाच्या पायांपुढे टाकला. बाईने असा रुमाल टाकला, की तो ओलांडून पुरुष पुढे जात नाहीत. पण स्वतःच्या बहिणीचा रुमाल ओलांडू नये असा कुठे नियम आहे, असं ताहिरच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्याचा पाय मोडलाय," ती म्हणाली. "त्याला जिवंत खाली न्या. मी कासिमच्या घरी जाईन. पुन्हा पळणार नाही. हे मी तुझ्यासमोर बोलतेय दादा, आणि त्याच्यासमोरही."

ताहिर काहीतरी घाण बोलणार होता. कासिम वाकला. त्याने रुमाल उचलला, बर्फ झटकला आणि तिच्याकडे धरला.

"डोकं झाक," तो म्हणाला. "वारा आहे."

मग तो तिच्या बाजूने वर चढत गेला. बेहरामजवळ बसून त्याने पायाची पट्टी पाहिली, आपला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा काढून त्याच्या अंगात घातला आणि पाठ करून बसला. झरीफेला म्हणाला, "हात माझ्या गळ्यात घाल त्याचे."

उतार भयंकर होता. कासिमचे पाय मांडीपर्यंत रुतत. तो पडे. बेहराम ओरडे. तो उठे! दगडांच्या उतारावर तो चक्क बसून, पायाने दगड चाचपत खाली सरकला, आणि जनावर उतरवताना बोलतो तशा हलक्या आवाजात पाठीवरच्या माणसाशी बोलत राहिला. त्याला इतकं बोलताना खेजालने कधी ऐकलं नव्हतं. ताहिरने बराच वेळ मदत केली नाही. शेवटी बंदूक खेजालच्या हातात कोंबून त्याने बेहरामला आपल्या पाठीवर घेतलं, आणि वाटभर त्यालाच शिव्या देत राहिला.

झरीफे लंगडत खेजालच्या शेजारी आली. "बर्फात दिलेला शब्द, त्याला काय शब्द म्हणायचं," ती पुटपुटली. "पुढच्या उन्हाळ्यात बघू. तोवर पाय बरा होईल. मी अजून चालते."

खेजाल पुढे पाहत होती. पुन्हा पाळी कासिमची होती. बेहरामची मान त्याच्या खांद्यावर पडली होती आणि कासिमच्या सदऱ्यावर रक्त उतरत होतं. थंडीने त्याचे उघडे हात लालभडक झाले होते.

"आत्या," ती म्हणाली, "कासिमने मला एक शिवी तरी द्यायला हवी होती."

झरीफेने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या उन्हाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

बेहराम जगला. पाय मात्र शहरातल्या डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला. तो घरी यायच्या आत, पहिला बर्फ गावात उतरला त्या आठवड्यात, खेजालचं लग्न लागलं. लग्नात कोणीतरी तिला रडायला सांगितलं, कारण नवरीने रडायचं असतं. ती रडली नाही. कासिमची धाकटी मुलगी गर्दीला घाबरून तिच्या झग्याआड शिरली होती. खेजालने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि तिला मांडीवर घेतलं.