साडेबारापर्यंत मोफत

"थांबा! ते हिरवं बटण नको!"

मितेशचे बोट लॅपटॉपवर जागच्या जागी थिजले. त्याने मान वळवून पाहिले. पाठीमागे एक तरुणी उभी होती. खांद्यावर भली मोठी पिशवी, खाऱ्या वाऱ्याने विस्कटलेले केस आणि कपाळावर आठी... पण त्या आठीखालचे डोळे मात्र हसत होते.

वैशाखातील शनिवारची ती दुपार. भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच नुकतीच रेवसला लागली होती. मितेश लग्नसमारंभांचे चित्रण करणारा. मुंबईहून यावयाच्या आल्बमच्या खोक्याची वाट पाहत तो चहाच्या टपरीवर बसला होता. खोके या लाँचने आले नव्हते, आणि ओहोटीने खाडीचा चिखल असा उघडा पडला होता की पुढची लाँच इतक्यात येण्याचे लक्षण नव्हते.

"ती जाहिरात आहे," तरुणी म्हणाली. "बटण जेवढं मोठं, तेवढा धोका मोठा. खरं बटण हे बघा, खाली, बारीक अक्षरात. गरीब बिचारं."

"आपण... आपण या विषयातल्या जाणकार दिसता."

"आपण?" ती खुदकन हसली. "मी हेमाली. मुंबईत नवीन सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा."

"म्हणजे सासूचंच काम की!" मितेशच्या तोंडून निसटले, आणि त्याने जीभ चावली.

"सासूला पगार नसतो," असे म्हणत ती खुशाल बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "एवढं घाईनं काय उतरवून घेत होतात?"

तेव्हा मितेशने सर्व वृत्तांत सांगितला. एका संकेतस्थळावर दररोज एक विकतचे सॉफ्टवेअर एका दिवसापुरते मोफत मिळे. आज आवाजातील खरखर काढणारे आले होते. एरवी ते घेणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

"पण फुकट म्हणजे काहीतरी गोम असणारच ना?" त्याने विचारले.

"असं नाही हो." हेमालीच्या स्वरात एकाएकी जिव्हाळा आला. "दोन-चार माणसं वर्षानुवर्षं खपून अशी वस्तू घडवतात, पण त्यांना ओळखतं कोण? म्हणून एक दिवस दार उघडं ठेवतात. या, वापरा, आवडलं तर चौघांना सांगा. नागावला वाडीतला माणूस आधी एक शहाळं हातावर ठेवतो, तसंच. देणारा चांगलाच असतो. चोर त्याच्या दाराबाहेर उभे असतात, हिरवी बटणं घेऊन."

मितेश ऐकतच राहिला. फुकटाविषयी इतक्या आदराने बोलणारे माणूस त्याने यापूर्वी पाहिले नव्हते.

"आणि साफ कुठला आवाज करायचाय?"

त्याने इअरफोनचे एक टोक तिच्या हाती दिले. जनरेटरच्या घरघरीमागून एका वृद्धेचे गाणे उमटू लागले... ऐकता ऐकता हेमालीच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. तिने ओढणीने डोळे टिपले.

"ही माझी आजी आहे," ती हळूच म्हणाली. "आईची आई."

"चंद्राबाई?" मितेश चमकून म्हणाला. चंद्राबाई म्हणजे पंचक्रोशीतली नामांकित धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीने देवांना आवाहन करून धवला गायल्याशिवाय हळदीला हात लागत नसे. परंतु गतवर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि चंद्राबाईंचा आवाज कायमचा गेला. आता गुरुवारी त्यांच्याच दुसऱ्या नातीची, अमिषाची हळद होती. अमिषाचा एकच हट्ट होता: धवला आजीचाच पाहिजे. आणि तो आवाज साऱ्या जगात केवळ मितेशच्या एका जुन्या लग्नचित्रणात उरला होता.

"मी शब्द दिलाय अमिषाला," तो म्हणाला.

"मग शब्द पाळू या. पण उद्या, नीट तपासून. मुदत मात्र उद्या दुपारी साडेबारापर्यंतच हं! देणाऱ्यांच्या देशात तेव्हा मध्यरात्र होते. तेवढ्यात उतरवायचं आणि नोंदणीही करायची."

रविवारी दहाच्या सुमारास ती मितेशच्या स्टुडिओत आली, ती स्वतःचा जुनाट, कोपरा फुटलेला लॅपटॉप घेऊन.

"हा कशाला? माझा नवा कोरा आहे की!"

"म्हणूनच. आई कालवण आधी तळहातावर थेंबभर घेऊन चाखते ना? का सगळं पातेलं एकदम पाहुण्यांपुढे? हा माझा तळहात. यात माझं काही गुपित नाही, बिघडला तर बिघडला. चाखून झालं की पुसून टाकीन."

तिने प्रथम मूळ गाण्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवून ती मितेशच्या खिशात घालायला लावली. मग कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन सॉफ्टवेअर उतरवले, व्हायरस तपासणीतून काढले, आणि प्रत्येक खिडकीतले बारीक अक्षर वाचत पुढे गेली. मितेशचा हात "पुढे" या बटणाकडे सारखा धावे. ती प्रत्येक वेळी त्यावर हलकीच चापट मारी. एका ठिकाणी न मागता ब्राउझरला चिकटणारी कुठलीशी पट्टी डोकावत होती. तिच्यापुढची आपोआप लागलेली होकाराची खूण हेमालीने काढून टाकली.

"एवढी घाई? मुलगी बघायला गेलात तर चहा येण्याआधीच हो म्हणाल!"

"चहा कोण आणतंय त्यावर आहे..." मितेश पुटपुटला. हेमालीने ऐकले, पण ऐकले नाही असे दाखवले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

इतक्यात मितेशची आई जनी आत डोकावली. "अरं मितेश, बायला पानी तरी दे! त्या डब्यान काय डोला घालून बसलास?"

नोंदणी झाली. घरघर विरत गेली, आणि चंद्राबाईंच्या आवाजाचा एक तुकडा दवाने धुतल्यासारखा निर्मळ उमटला. दोघांनीही श्वास रोखला होता.

"आता आभार लिहायचे," हेमाली म्हणाली. "शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काय आवडलं, काय अडलं, तेवढं लिहिलं तरी त्यांना पुष्कळ."

मितेशने गंभीर होऊन सांगितले, "महोदय, आपण न पाहिलेल्या एका वृद्धेस आपण तिचा आवाज परत दिलात..." ते इंग्रजीत उतरवताना हेमालीची बोटे क्षणभर थबकली. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि ती बराच वेळ पाहत राहिली.

आता नव्या लॅपटॉपवर तेच करावयाचे होते. सव्वाअकरा झाले होते. तेव्हा मितेशने हट्ट धरला: "पहिलं बटण चंद्राबाई दाबतील. त्यांच्याशिवाय शुभकार्याला सुरुवात कशी करायची?"

म्हातारी आली ती बारा वाजून पाच मिनिटांनी, ठेवणीतले लुगडे नेसून. तिने खुणेने समई मागवली. नव्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले. मग डोळे मिटून, ओठ हलवीत, हात जोडून ती एकेका देवाला निमंत्रण देऊ लागली. गावदेवी झाली, पालीचा बल्लाळेश्वर झाला, समुद्र झाला...

"सव्वाबारा," मितेश कुजबुजला. "तुम्ही सांगा ना त्यांना!"

"मी? धवलारणीला मध्येच थांबवू? तुम्हीच सांगा."

"माझी काय बिशाद!"

देवांची यादी संपत नव्हती, आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढे दोघांपैकी एकाचाही धीर होईना. अखेर चंद्राबाईंनी समाधानाने डोळे उघडले आणि बटण दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली: मुदत संपली आहे. घड्याळात बारा तेहेतीस झाले होते.

मितेशचा चेहरा काळवंडला. "माझ्या हट्टापायी... आता अमिषाला काय तोंड दाखवू?"

हेमाली मात्र तोंडावर हात धरून हसू लागली.

"हसता काय?"

"अहो, तळहात! जुन्या लॅपटॉपवर नोंदणी झालीय ना? एकदा झाली की मुदत संपली तरी तिथे ते चालतं. फक्त त्याच यंत्रावर."

"पण तुम्ही तर चाखून झालं की पुसून टाकणार होतात!"

"पुसायलाच घेतलं होतं... तेवढ्यात आजी आली." तिने म्हातारीच्या गालावर गाल ठेवला. "हिच्या देवांनी नव्याला वेळ दिला नाही, पण जुन्याला वाचवलं."

गुरुवारी हळदीच्या मांडवात तो धवला घुमला. चंद्राबाई पाटावर ताठ बसून ओठ हलवीत होत्या. आवाज आणि ओठ यांत तसूभरही अंतर पडले नाही. अमिषा हळदीने माखलेल्या हातांनी डोळे पुसत होती. कॅमेऱ्यामागे उभ्या मितेशने भिंग नवरीवर ठेवावयाचे, ते पुनःपुन्हा तिच्या मागे उभ्या असलेल्या हेमालीच्या पिवळ्या ओढणीकडे वळत होते.

रविवारी हेमाली मुंबईस परत निघाली. रेवसला भरती होती आणि लाँच वेळेवर होती. आज तरी ती उशिरा यावी, असे मितेशला मनापासून वाटले. त्याने जुना लॅपटॉप तिच्या हाती दिला.

"घ्या. भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून... थोडंसं काही घातलंय."

तिने तिथेच, टपरीच्या बाकावर बसून तो उघडला. पडद्याच्या मधोमध एकच फाईल होती. नाव होते, "विनंती".

"अनोळखी फाईल मी तपासल्याशिवाय उघडत नाही हं," ती म्हणाली आणि खरोखरच तपासणी लावली! मितेश घामाघूम झाला. लाँचचा भोंगा वाजला.

"धोका आढळला नाही," तिने वाचून दाखवले, आणि इअरफोन कानाला लावला.

आत मितेशचाच आवाज होता. खरखर काळजीपूर्वक काढलेली, परंतु अडखळणे तसेच ठेवलेले. "हेमाली... मला घाईची खोड आहे, हे तू जाणतेसच. पण हे मी आठ दिवस तपासून बोलतो आहे. माझ्याशी लग्न करशील? उत्तराला मुदत नाही."

तिने इअरफोन काढला. दोन-चार कळा दाबल्या, लॅपटॉप मिटला आणि पुन्हा त्याच्याच हाती ठेवला.

"परत?" मितेशने विचारले.

"ते सॉफ्टवेअर याच यंत्रावर चालतं, विसरलास? मांडवातलं अजून कितीतरी साफ करायचं राहिलंय. मी शनिवारी येते." एवढे बोलून ती लगबगीने लाँचवर चढली, मागे वळून पाहिले नाही.

लाँच खाडीच्या मध्यावर पोचली तेव्हा कुठे त्याला सुचले आणि त्याने लॅपटॉप उघडला. फाईल तीच होती. नाव तेवढे बदलले होते.

"मंजूर".

त्याने मान वर केली. दूर लाँचच्या कठड्याशी एक पिवळी ओढणी वाऱ्यावर हलत होती... की हात हलत होता, हे त्याच्या भरल्या डोळ्यांना नीट दिसले नाही.