मिनोसेचं पान

ओनोमिचीच्या बंदराकडे तोंड करून असलेल्या कचेरीत हारुयो कुवाता दीड वर्षं एकाच कामाला जुंपलेली होती. बोटींच्या तिकिटांची वेबसाइट वीस वर्षांपूर्वी पर्ल भाषेत लिहिलेली. ती नव्या भाषेत न्यायची, तीही एकही दिवस बंद न ठेवता. म्हणून दोन फोल्डर केले होते, ‘जुने’ आणि ‘नवे’. एका बेटाचं पान नव्यात नीट चाललं, की जुन्यातलं पुसायचं.

ही शिस्त मुराओकासानांची. मूळ वेबसाइट त्यांनीच लिहिलेली. ‘चालत्या बोटीच्या फळ्या बदलायच्यात, कुवाता. एका वेळी एकच,’ असं ते सांगत. नव्या भाषेचा विषय निघाला की हसून म्हणत, आमच्या बेटाची बोली येते तेवढी पुरे. गेल्या वसंतात ते वारले. त्यांच्या जुन्या ओळींत मधेच एखादी टीप भेटे, ‘इथे धुक्याचे दिवस धरायचे राहिले, माफ करा’, आणि हारुयोला त्यांच्या सातूच्या चहाचा वास आल्यासारखं वाटे.

ऑक्टोबरात जुन्यात एकच पान उरलं. मिनोसे, मुराओकासानांचं गाव. तिथं आता कुणी राहत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीच बोट बंद झाली होती. पान हलवायचं नव्हतं, नुसतं पुसायचं होतं. दोनदा ती पुसायला बसली आणि दोन्ही वेळा ‘उद्या बघू’ म्हणून उठली.

तिसऱ्या सकाळी ‘नवे’मध्ये मिनोसेचा फोल्डर होता.

बदल कुणी केला, त्या जागी नाव नव्हतं. सगळं नव्या भाषेत, नेटकं लिहिलेलं. तळाशी टीप होती: ‘धुक्याचे दिवस धरले.’

तिनं पान उघडलं. एकच फेरी, आजची, दहा चाळीसची. एक तिकीट गेलेलं. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

फोन वाजला. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतले शिओमीसान होते.

‘कुवाताबाई, मिनोसेची बोट परत सुरू केलीत का? आम्हाला कुणी कळवलं नाही.’

‘नाही.’

‘एक आजोबा आले होते. तिकीट तुमच्याच वेबसाइटचं. म्हटलं, ती बोट कधीच बंद झाली. तर म्हणाले, येईल. बाकावर बसून राहिले.’

‘मग?’

‘मग गेले.’

‘कशानं?’

‘तेच विचारायला फोन केला. धक्क्याला बोट लागलीच नाही.’ मग म्हणाले, ‘जाताना त्यांनी तुम्हाला निरोप ठेवलाय. जुना फोल्डर आता काढला तरी चालेल.’

तिनं पाहिलं. ‘जुने’ रिकामा होता.

ती जेवायला उठली नाही. बाहेर समुद्र स्वच्छ, उन्हात चमचमत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी पानावर आपोआप एक ओळ उमटली. तिच्यातला शेवटचा रकाना कुठल्याच बेटाच्या पानावर कधी नव्हता.

‘मिनोसे. बोट पोहोचली. उतरले: १. धक्क्यावर न्यायला आलेले: १७.’