राखणीवरची मोनाली

"उतरा! आले तसे मागं उतरा, नाहीतर कोंबडा सोडीन!"

कंपाउंडच्या भिंतीवर एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून बसलेला तो तरुण आधी हसलाच. कुत्रा सोडीन हे ऐकलं होतं बापा, कोंबडा सोडीन हे पहिल्यांदाच ऐकलं! पण अंगणातल्या त्या तांबड्या धटिंगणानं मान खाली घालून पंख पसरले, आणि पठ्ठ्याचं हसू तिथल्या तिथं आटलं.

"अहो, माझ्या काकांचं घर आहे हे!"

"असंल." मोनालीनं बागेचा पाइप उचलला. "काका-काकू बंगलोरले गेले, लेकीकडं. दिवाळीभर घर माह्याकडं आहे. अन् मी असताना भिंतीवरून कोणी येत नसते."

"मी सलील. पुसदला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. सुट्टी लागली, म्हटलं काकूच्या हातचा चिवडा—"

पाण्याची धार बरोब्बर छातीवर बसली. सलील धपकन रस्त्याच्या बाजूला पडला. मग तिथूनच, फाटकाच्या गजांतून, ओल्या शर्टानं त्यानं काकूला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. शीलाकाकू खो खो हसत म्हणाल्या, "अगं, आमचाच आहे तो! घे आत."

"ओळख पटली, काकू. पण एकटी असताना मी कोणालेच आत घेत नाही. काम घेतानाच सांगतलं होतं मी तुम्हाला."

सलील मित्राच्या खोलीवर गेला. पण जाताना तीनदा मागं वळला, अन् मोनालीनं ते पाह्यलं. न पाह्यल्यासारखं करून पाह्यलं.

मोनाली दिग्रसची. बाप, उकंडा, जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर. लोक गावाला गेले की ही बॅग घेऊन त्यांच्या घरी राहायला यायची, घर सांभाळायची, घरातली जनावरं सांभाळायची. दिवाळीत तर तिला भारी मागणी! अख्खी कॉलनी गावोगाव पांगायची आणि मोनालीच्या घरी दिवाळीचं तेवढं नव्हतं. त्यांचा मोठा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा, तो करूनच ती यवतमाळला यायची. दिग्रसमध्ये बाया कुजबुजायच्या, पोरगी लोकाच्या घरी झोपते म्हणून. मोनाली तोंडावर सांगायची, "झोपते कुठं? जागते! झोपायचे पैसे कोण देते?"

या घरात तर गोतावळाच होता. म्हातारी लॅब्रॅडॉर राणी, जी फटाक्याचा आवाज आला की थेट पलंगाखाली. दोन ससे. पिंजराभर लव्हबर्ड्स, दिवसभर कलकल. आणि कोणाच्या तरी नवसातून दोरी तोडून पळालेला हा कोंबडा, जो तेव्हापासून जगावर डूख धरून होता.

दुसऱ्या दिवशी सलील फाटकाशी हजर. तिसऱ्याही दिवशी. हातात पिशवी.

"काहून येता तुम्ही रोज?"

"सशांना गाजरं आणली."

"एवढी? ससे आहेत का बैल?"

"मग… राणीला भेटायला आलो."

"राणी तुमच्याकडं पाठ करून बसली आहे."

"तिला कळतं सगळं. तुलाच कळत नाही…"

मोनालीनं चेहरा वळवला. गालावर ऊन आलं म्हणावं, तर ऊन केव्हाच भिंतीपलीकडं गेलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कॉलनीत लवंगी माळा सुरू झाल्या आणि राणी थरथरत पलंगाखालून निघून चक्क फाटकाशीच आली. एका बाजूला मोनाली मांडी घालून बसली, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर रुमाल टाकून सलील. दोघांचे हात गजांतून राणीच्या कानांवर. सुतळी बॉम्ब फुटला, राणी दचकली आणि कानावरची बोटं बोटांना लागली. कोणीच हात काढला नाही.

"मोनाली…"

"बोलू नका. राणी भ्यायली आहे."

"राणीच भ्यायली आहे ना?"

"हाव! राणीच," मोनाली म्हणाली खरी. पण तिचं काळीज फटाक्यांपेक्षा मोठ्यानं वाजून राह्यलं होतं. आवडला होता तिला हा मुलगा. उगाच कायले नाही म्हणायचं?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शीलाकाकू न सांगता परत आल्या. शेजारणीनं फोन केला होता की, तुमचा सलील रोज फाटकाशी बसतो, आणि आतून ती पोरगी. सलील तेव्हा नेमका तिथंच उभा. काकूंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग तोही आत आला. वॉश बेसिनच्या वरच्या फळीवर त्यांनी मोनालीसाठी वेगळं ताट, वाटी, पेला काढून ठेवला होता. त्यावर धूळ होती.

"ही भांडी वापरली नाहीस तू?"

"नाही, काकू."

"मग कशात जेवलीस?"

"तुमच्या ताटात. घासून, पुसून ठेवलं."

"मी सांगून गेले होते मोनाली!"

"सांगून गेल्या होत्या. अन् हेही सांगून गेल्या होत्या की राणीले तुमच्या पातेल्यातलं दूध द्यायचं, गार करून. चाव्या सगळ्या माह्या हातात, कपाटाचीसुद्धा. फक्त ताट वेगळं. काकू, राणी लाडाची आहे, तिचा राग नाही मले. पण मी तिच्यापेक्षा खाली बसून जेवणार नाही!"

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. "या कॉलनीतली घरं तुला माझ्या शब्दावर मिळतात, विसरू नकोस. आणि तू रे सलील? तुझं काय काम होतं इथं?"

मोनालीनं सलीलकडं पाहिलं. त्याच्या एका वाक्याची ती वाट पाहत होती.

"मी… मी सहज आलतो, काकू," सलील म्हणाला.

सहज! मोनालीनं बॅग भरली, राणीच्या कपाळावर गाल टेकवला, चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि बसस्टँडची वाट धरली. बस दारव्ह्यापर्यंत जाईतो ती रडली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, बस झालं.

कॉलनीतली घरं खरंच गेली. एकेक फोन यायचा, सगळ्यांचे बेत अचानक बदललेले. पण बोरी अरबच्या रुपीबाई, निवृत्त नर्स, लेकाकडे नाशिकला निघाल्या होत्या. घरी शेळ्या, कोंबड्या आणि एक आंधळी मांजर. त्या फोनवर म्हणाल्या, "बेटा, काकू काय म्हणते ते मले कायले सांगतं? शेळ्या तुह्यावर रागावल्या नाहीत ना? मग ये."

तिथं एका सकाळी सलील उभा राहिला. मोनाली शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सहज आले का?"

"नाही. त्या दिवशी गप्प बसलो. लाज वाटते मला."

"वाटायलाच पाह्यजे."

"मला तू पाहिजे, मोनाली. लग्न करायचंय तुझ्याशी. तू हो म्हटलंस की घरी सांगतो सगळ्यांना…"

आता मोनालीनं वर पाहिलं. "म्हंजे मी हो म्हटलं तर तुमची हिंमत, अन् नाही म्हटलं तर तुमची सुटका? कोणाले काही कळायचंच नाही? वा रे वा इंजिनिअर!"

सलील उभ्या उभ्या ओशाळला. मग त्यानं खिशातून फोन काढला, स्पीकर लावला.

"काकू, सलील बोलतोय. बोरी अरबला आलोय, मोनालीकडे. त्या दिवशी खोटं बोललो, सहज आलो नव्हतो. मी तिला लग्नाचं विचारलंय. ती हो म्हणेल की नाही माहीत नाही. नाही म्हणाली तरी तुम्हाला हे माहीत असायला पाहिजे, म्हणून सांगतोय."

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज. "अरे, वेड लागलंय का तुला? आपलं घर कोणतं, तिचं घर कोणतं? चार लोकांत तिला काय म्हणून आणशील? उद्या तुझ्या बाबांसमोर—"

मोनालीनं हात पुसले आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"काकू, नमस्कार. मी मोनाली. मी हो म्हटलं."

पायाशी आलेल्या शेळीला तिनं मागं सारलं अन् पुढं बोलली.

"लग्न दिग्रसच्या विहारात होईल. घरं सांभाळायचं काम मी सोडणार नाही. तुम्हाला कॉलनीत काय सांगायचं ते सांगा, पण पूर्ण सांगा, अर्धं नको. अन् लग्नाले या. मनापासून बोलावून राह्यली मी."

फोन कट झाला. सलील डोळे विस्फारून तिच्याकडं बघत होता.

"तू… हो म्हटलंस?"

"काकूले म्हटलं."

"आणि मला?"

मोनाली हसली. शेजारच्या अंगणातल्या बाया धुणं टाकून इकडं कान लावून होत्या, तेही तिला दिसत होतं. तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "हाव! तुलेही हाव!"