एका पायाचं शेत

धुकं अजून विरलं नव्हतं, आणि शाल्मलीच्या हातातल्या पडद्यावर पावलं उमटत होती. जमिनीखालची पावलं. ढेकळ्या नावाचा यंत्रमानव अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या त्या पडीक शेतावरून भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून आतलं चित्र काढणारं यंत्र) फिरवत होता. ओळीने खड्डे दिसत होते, आणि प्रत्येकात एकच पाऊल. जोडीचं दुसरं कुठेच नाही.

"पुन्हा मोज," ती हळूच म्हणाली.

"तीनदा मोजलं, ताई. नऊशे बारा पाय. सगळे एकेकटे."

शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेतात एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. खरं तर ती आबांबरोबर मातीचं कोडं सोडवायला आली होती, भुतं मोजायला नव्हे. मंगळावरच्या वसाहतीत तिचे बाबा शेती बघायचे. तिथल्या घुमटांतली माती पाच वर्षांतच दगा देऊ लागली होती, म्हणून वसाहत पुढच्या दरीत हलवायचं घाटत होतं. तसं झालं की बाबांचा मुक्काम आणखी चार वर्षांनी वाढणार. शाल्मली आता अकरा वर्षांची होती. बाबा गेले तेव्हा सहा वर्षांची.

तिचे आबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भुतं नाहीत गं. तंबाखूचं शेत आहे हे. मजूर एक पाय रोवून उभा राहायचा, त्याच्याभोवती गुडघ्यापर्यंत माती ओढायचा आणि पाय काढून घ्यायचा. झाला उंचवटा, मध्ये पायाचा खड्डा. त्यावर रोप. असं दिवसभर. पुढे पुराचा गाळ वर बसला, म्हणून ठसे राहिले."

"कोण मजूर?"

"गुलाम. विकत घेतलेली माणसं. या देशाचे पहिले पुढारी शेतीवेडे होते. वॉशिंग्टन तर राष्ट्राध्यक्षपद सोडून आपल्या शेतावर परतले. पण चिखलात राबणारे पाय त्यांचे नव्हते."

भुतं असती तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला वाटलं. पाय कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

"मग हे शेत का सोडलं?"

"तंबाखू खादाड. मातीतलं नत्र (पानं हिरवी ठेवणारं, वाढीला लागणारं द्रव्य) भराभर खाते. काही वर्षांत जमीन थकते. मग ती टाकायची आणि पश्चिमेचं जंगल तोडायचं, तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून. देश असाही वाढला."

"सगळेच पुढे गेले?"

"काही थांबले. वॉशिंग्टननी तंबाखू सोडून गहू धरला. त्यांनी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसननी पिकांची फेरपालट (एका जागी आळीपाळीने वेगळी पिकं घेणं) करून पाहिली. मध्ये क्लोव्हर पेरायचं. ते मेथीच्या कुळातलं. त्याच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू, आणि ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. झाड मातीत गाडलं की ते नत्र मातीला मिळतं. त्या दोघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जमीन सुधारते, एवढं मात्र दिसत होतं."

शाल्मलीने विचारलं, "आबा, बाबा तिकडे काय लावतात?"

"बटाटे. पोट भरतं ना."

"पाच वर्षं तेच?"

इतकी वर्षं माती तपासली, पण हा प्रश्न आपल्याला सुचला नाही, हे आबांनी कबूल करून टाकलं.

तिने तिथूनच निरोप पाठवला. "बाबा, पुढे सरकू नका. अर्ध्या घुमटांत मेथी पेरा. थोडी खा, बाकीची मातीत गाडा. नंतर त्याच जागी बटाटे."

निरोप जायला अठरा मिनिटं, उत्तर यायला अठरा. ती एकटक पडद्याकडे बघत उभी राहिली.

"शालू," बाबांचा आवाज आला, "अर्धे बटाटे म्हणजे वर्षभर सगळे अर्धपोटी. तरी उद्या सभेत मांडतो, आणि पहिला हात माझा. माती सुधारली तर इथलं काम दुसऱ्यावर सोपवून तुझ्या तेराव्या वाढदिवसाला घरी येईन. पण रोज मेथी खाऊन इथली सत्तर माणसं तुझ्या नावाने खडे फोडतील बघ."

"फोडू देत," शाल्मली मोठ्याने म्हणाली. "तुम्ही या." आणि ते शब्द अठरा मिनिटांच्या वाटेला लागले.