कासवाच्या रंगाचं पिक

ही १९७९ सालची गोष्ट. तेव्हा फोन करायचा तर बोट घालून चकती फिरवावी लागे, आणि घरी फोन नसला की माणूस सरळ दारात येऊन उभा राही. त्या बुधवारी सकाळी वहिनींच्या दारात एक बाई अशीच येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती आणि बाह्यांवर लाकडाचा भुसा होता.

वहिनी खासगी तपास करत. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे ऑफिस बंद केले नाही, पाटीवरचे नाव तेवढे बदलले. मदतीला धाकटे दीर होते. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेले, मनाने लोणी आणि डोक्याने जरा सावकाश.

भाऊजी कोटाशी झटापट करत होते. “वहिनी, कोट धुतल्यापासून हे बटण काजात शिरेना. काज आटलं वाटतं.”

“मग बघू. आधी यांना पाणी द्या.”

पाणी न पिताच बाई बोलू लागली. “मी वाद्यांच्या दुकानात गिटारी दुरुस्त करते. बारा वर्षं झाली. मालक मला आज काढणार, चोरीचा आळ घेऊन! मग या गावात मला कोण उभं करेल?”

“काय चोरलं म्हणतात?”

“पिक.”

“गव्हाचं?” भाऊजींनी विचारले.

“गिटारचं हो! तारा छेडायचं एवढंसं पातं.” तिने अंगठ्याचे नख दाखवले. “एका मोठ्या वादकाचं आहे. मी ते बदलून साधं ठेवलं म्हणे.”

दुकान दोन गल्ल्या पलीकडे होते. आत वार्निशचा वास. खिडकीत एक काचेची बरणी होती, फेसाळ पाण्याची, आणि तळाशी रंगीत ठिपके.

“मासे पाळलेत?” भाऊजी वाकून पाहू लागले.

“गिऱ्हाइकांची पिकं आहेत ती,” मालक म्हणाले. “दहा मिनिटं कोमट साबणाच्या पाण्यात ठेवली की हाताचा मळ सुटतो. वडिलांपासूनची पद्धत आमची. फुकट!”

वादक स्टुलावर तोंड पाडून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने एक पाकीट पुढे केले. “हे बघा. माझं वीस वर्षांचं पिक आरशासारखं गुळगुळीत होतं. हे जाडं, वाकडं, खरखरीत. तारेवर नुसतं घासतं.”

“तुमचं कुठून घेतलं होतं?”

“घेतलं नव्हतं. मामा बटणांच्या कारखान्यात होते. तिथल्याच तुकड्यातून त्यांनी कापून दिलं होतं. रंग असाच, कासवाच्या पाठीसारखा.”

“तो रंग सेल्युलॉइडच्या, साध्या प्लास्टिकच्या पिकांनाही असतो, आणि ती हिच्या खणात ढीगभर आहेत,” मालक म्हणाले.

दुरुस्तीवाली उसळली. “सेल्युलॉइड महिन्याभरात टोकाला गोल होतं! नायलॉन वाकतं, पण वर्षानुवर्षं टिकतं. यांचं दोन्हींपेक्षा वेगळं होतं. बारा वर्षं बघतेय मी, नुसती कड झिजायची. आणि सेल्युलॉइड चोळलं की कापराचा वास येतो, तो घेऊन बघा ना!”

“दुकानात तेव्हा कोण होतं?” वहिनींनी मालकांना विचारले.

“शनिवारी संध्याकाळी यांची गिटार आणि पिक आलं. तेवढ्यात निरोप आला, लेक बाळंत झाली, नात झाली! होतं तसं टाकून कुलूप लावलं नि पळालो. मंगळवारी उघडलं. पिकं पाकिटांत घातली आणि चहाला गेलो. तेवढा वेळ ही एकटी होती.”

वहिनींनी पिक रुमालावर चोळून हुंगले. मग भिंगातून पाहिले. मग बरणीतले एक पिक काढून त्याच्या शेजारी धरले.

“भाऊजी, कोट काढा.”

“इथे?”

“इथेच.”

त्यांनी कोटाचे बटण पिकाजवळ ठेवले. दोन्हींवर तीच पांढरट साय, दोन्ही किंचित वाकलेली.

“चोरी झालेलीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “हे तेच पिक आहे.”

“अशक्य!” वादक उठले.

“कड बघा. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांची झीज एका बाजूने तिरकी होते, तुमची बरोबर उलटी. पिक पालथं केलं तरी ती बाजू बदलत नाही. तुम्ही डावखुरे. वीस वर्षांची डावखुरी झीज कोण एका चहाच्या वेळात घासून आणेल?”

वादक पिक डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिले.

“मग ते फुगलं कसं?” भाऊजींनी विचारले.

“तुमच्या बटणासारखं. काज आटलं नाही, बटण फुगलंय. जुनी चांगली बटणं केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची करत. पदार्थ चिवट, झिजता झिजत नाही, पण पाणी पितो. कापराचा वास नाही, म्हणजे सेल्युलॉइड नाही. मामांनी ते बटणाच्या तुकड्यातून कापलं होतं.” त्या मालकांकडे वळल्या. “शनिवारी ते तुम्ही बरणीत टाकलंत ना?”

मालकांचा हात कपाळाकडे गेला. “टाकलं. आणि निरोप आला.”

“दहा मिनिटांऐवजी तीन रात्री. बाकीची पिकं नायलॉनची नि सेल्युलॉइडची, त्यांना काही झालं नाही. म्हणून तुम्हाला शंकाच आली नाही.”

मालक दुरुस्तीवालीकडे बघेनात. “ताई, मी… चहाला गेलो होतो म्हणून तुझ्यावर…”

“ते नंतर,” ती म्हणाली. तिने पिक केव्हाच उचलले होते. “दोन फळ्यांत दाबून आठवडाभर सावलीत वाळवते. मग हळूहळू पॉलिश. येईल परत.”

वादक खो खो हसत सुटले. “अहो, नात झाली म्हणून माझं पिक बुडालं होय! पेढे कुठायत?”

पिक बरे झाले, पूर्वीपेक्षा केसभर पातळ. वादक त्याच पिकाने आणखी नऊ वर्षं वाजवत होते, आणि संधिवाताने बोटे आखडल्यावर त्यांनी ते एका डावखुऱ्या विद्यार्थिनीला दिले. मालक त्यानंतर पिके कोरड्या फडक्यानेच पुसत. नात मोठी होऊन डॉक्टर झाली. भाऊजी पुढच्याच थंडीत झोपेत गेले. वहिनींनी पंचाहत्तरीनंतर ऑफिस आवरले.

दुरुस्तीवालीची माफी मालकांनी दुसऱ्या दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मागितली. तिने ती घेतली, पण महिनाभर त्यांच्याशी कामापुरतेच बोलली. पुढे मालक थकले, तेव्हा त्यांच्या मुलांपैकी कोणालाच दुकान नको होते. आज दुकानाच्या पाटीवर तिचे नाव आहे.